जेलीफिश डसली तर पाय नळाखाली धरू नका

ताई, हरिहरेश्वरला लेकाच्या पोटरीला जेलीफिश चिकटली, हॉटेलवाल्यांनी पाय नळाखाली धरला आणि पोरगं जास्तच कळवळलं, हे वाचलं आणि आमच्या भाचीचे हाल आठवले. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

निळसर फुगा आणि खाली लांब दोरे म्हणताय, म्हणजे बहुतेक ब्लू बॉटल. पावसाळ्यात वारा त्यांना किनाऱ्यावर आणून टाकतो. दोऱ्यांवर विषाच्या बारीक कुप्या असतात. कातडीला चिकटल्यावरही बऱ्याच न फुटलेल्या राहतात. गोडं पाणी लागलं की त्या फुटतात.

आम्हाला नडला तो एक दवाखाना, नाव घेत नाही. आधी केसपेपर, मग बाकावर बसा. आत गेल्यावर कंपाउंडरने स्पिरिटचा बोळा घेऊन भाचीचा दंड खसाखसा पुसला. निळा धागा अजून चिकटलेला दिसत होता, मी बोट दाखवून सांगतोय, तर ‘तुम्ही बाहेर थांबा’. चाबकाच्या वळासारखी एक रेघ होती, तिच्या शेजारी आणखी उठल्या. वर ऐकवतात काय, तर शहरातली पोरं नाजूक!

धुवायचं ते समुद्राच्याच पाण्याने. धागे चिमट्याने उचला, नाहीतर हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून. चोळायचं नाही, वाळूने तर नाहीच. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, २० मिनिटं बुडवून ठेवा. आधी मोठ्या माणसाने स्वतःचा हात घालून बघावा, पोर भाजायला नको. किनाऱ्यावर गरम पाणी कुठून आणू म्हणाल, तर चहाची टपरी असतेच की! नाहीच मिळालं तर फडक्यात बर्फ.

व्हिनेगरचं विचारलंत. बॉक्स जेलीफिश म्हणून वेगळी जात असते, तिच्यासाठी ते वापरतात. ब्लू बॉटलला ऑस्ट्रेलियातले जाणकारही नको म्हणतात. लिंबू, टूथपेस्ट, लघवी हे माझ्या मते निव्वळ उद्योग. दम लागला, छातीत दुखलं, उलट्या सुरू झाल्या, ओठ सुजले, तर मात्र यातलं काही करत बसू नका, सरळ १०८ लावा. डोळ्याला लागलं तरी डॉक्टरच.

आणि हो, लेकाची ओली चड्डी उघड्या हातांनी पिळू नका. धाग्याचे तुकडे कापडात अडकतात, आणि मेलेल्या जेलीफिशचेही डसतात.