नवऱ्याने टेक्सासमध्ये घटस्फोटाचा दावा लावलाय. त्याचं शहर माहीत आहे, घर नंबरही शोधावा लागेल का?

ताई, शोधाच. आजच शोधा.

माझ्या धाकट्या बहिणीवर हीच वेळ आली होती. ती कराडला माहेरी, नवरा फ्रिस्कोत. कागद ईमेलने आले. पत्ता नुसता 'फ्रिस्को, टेक्सास', दावा कॉलिन काउंटीत (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा). आमचे काका म्हणाले, "गाव कळलं ना? घर नंबरचा कीस कशाला पाडता? चांगला वकील बघा." चार दिवस घरात यावरून वाद. टेक्सासचा नियम असा, की नवरा-बायकोपैकी एकाचं राज्यात 6 महिने वास्तव्य हवं आणि दाव्याच्या काउंटीत 90 दिवस. फ्रिस्को शहर कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत पसरलंय, आणि पोस्टाच्या पत्त्यात काउंटी लिहीतच नाहीत. ती कळते घर नंबरावरून.

भाच्याच्या वाढदिवसाला आलेलं कुरिअरचं पाकीट बहिणीने जपून ठेवलं होतं. मागे बॉलपेनने अपार्टमेंटचं नाव आणि नंबर. तो पत्ता मालमत्ता कराच्या साइटवर टाकला. कॉलिनमध्ये सापडेना, डेंटनमध्ये लगेच मिळाला. तिथल्या वकिलाने त्यावर अर्ज दिला आणि दावा अडला. नवऱ्याने डेंटनला नव्याने लावेपर्यंत बहिणीचा अर्ज कराडच्या कोर्टात दाखल झालेला होता. लग्न कराडचं, राहते कराडला, त्यामुळे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 19 खाली तिला तो हक्क होताच.

काका अजून म्हणतात, वकील चांगला मिळाला म्हणून जमलं. वकील चांगलाच होता. पण पहिल्याच फोनवर त्याने मागितला तो घर नंबर! पाकीट नसतं तर त्याने तरी काय केलं असतं?

हे टेक्सासपुरतं. कॅलिफोर्नियात राज्यात 6 महिने, काउंटीत 3 महिने. शिवाय याने घटस्फोट टळत नाही, वेळ मिळतो. परदेशातली कोर्टाची कागदपत्रं बजावण्याच्या हेग करारात भारत आहे, तिकडचं समन्स रीतसर दिल्लीच्या कायदा मंत्रालयामार्फत यायला हवं. थेट टपालाने पाठवायलाही भारताची हरकत आहे. पण ईमेल रीतसर नाही म्हणून गप्प बसू नका, आणि वकिलाला विचारल्याशिवाय उत्तरही धाडू नका. तिथल्या कोर्टाचा अधिकार तुम्ही आपणहून मान्य केलात असं ठरलं, तर परदेशी कोर्टाचा असा घटस्फोट इथे सहसा ग्राह्य नाही म्हणणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या नरसिंह राव निकालाचा आधार इथे घेणं अवघड होतं. त्याने पाठवलेली जुनी पाकिटं, पार्सलं असतील तर आधी ती काढा.