मसाला आधी, बर्फी नंतर

ताई, सावजी मसाला ऑनलाइन विकायचं म्हणता, जरूर विका. संत्रा बर्फी मात्र आत्ताच नको. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो, त्यात पार्सल गोदामात पडून राहिलं तर बर्फीचं काय होईल ते सांगायला नको.

ऑनलाइन विकलं की बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) दुकानाचं भाडं वाचतं, शिवाय पुण्या-मुंबईतलं वैदर्भीय गिऱ्हाईक घरबसल्या मिळतं. डोकेदुखी आहे ती कॅश ऑन डिलिव्हरीची. गिऱ्हाईक फोन उचलत नाही, माल परत येतो अन् कुरिअरचा खर्च बरेचदा आपल्याच माथी. भाव ठरवताना विक्री पोर्टलचं कमिशन, पॅकिंग आणि हा परतीचा मालही धरा. नवे लोक नेमकं हेच सोडतात.

एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेची, नोंदणी लागेलच. जीएसटीचं म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात विक्री पोर्टलवरून, पूर्ण जीएसटी नोंदणी न करता, नुसत्या नावनोंदणी क्रमांकावर माल विकता येतो. रायपूरला, म्हणजे परराज्यात, पाठवायचं असेल तर मात्र पूर्ण नोंदणी.

आणि हो, पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पिन मागणारा घाऊक ऑर्डरचं कितीही गोड बोलला तरी फोन ठेवून द्या.