पिट्युटरी मंदावली आहे? आधी एवढंच सांभाळा

ताई, बाळंतपणातल्या जास्त रक्तस्रावानं पिट्युटरी (मेंदूखालची हार्मोन बनवणारी ग्रंथी) मंदावू शकते, तुम्ही एकट्या नाहीत. सुरुवातीला एवढं पाळा:

- हायड्रोकॉर्टिसोन (शरीरातल्या कॉर्टिसॉल हार्मोनची जागा घेणारी गोळी) मनानं बंद करू नका. 'स्टेरॉइड आहे' म्हणून शेजारीपाजारी घाबरवतील. अंगात कमी पडतं तेवढंच ते भरून काढतं. थायरॉईडची गोळी त्याच्यानंतरच. क्रम उलटला तर जिवावर बेतू शकतं.
- तापात हायड्रोकॉर्टिसोनचा डोस वाढवावा लागतो, बहुतेकदा दुप्पट. डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या. उलटीनं गोळी टिकेना तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शनच. लातूर-नांदेड गाठायची वाट बघू नका, जवळचा दवाखाना गाठा.
- टीएसएच (थायरॉईडला चालना देणारा, पिट्युटरीचाच हार्मोन) नॉर्मल आला तरी हुरळू नका, फ्री टी-४ (रक्तातला थायरॉईडचा हार्मोन) बघा.

निर्जळी उपवास सध्या नकोच, सासूबाई काहीही म्हणोत. ग्रोथ हार्मोनचं पुढं बघू.