एकार्स शिकताना आधी हे बघ

अरे तू मोपा विमानतळावर ट्रेनी म्हणून लागलास हे ऐकून खरंच बरं वाटलं. आता डेटालिंकचं, म्हणजे विमान आणि जमीन यांच्यातल्या मेसेजच्या रेडिओ जोडणीचं, विचारलंस म्हणून सांगतो, आधी एकार्स (ACARS), म्हणजे त्या जोडणीवरून छोटे लिखित मेसेज पाठवणारी यंत्रणा, नीट समजून घे, 1978 पासूनची सिस्टीम आहे, स्पीड सेकंदाला फक्त 2400 बिट, एका ब्लॉकात जास्तीत जास्त 220 अक्षरं, पण विमान गेटवरून हललं, उडालं, उतरलं, परत गेटला लागलं हे चारही टाइम त्यावरूनच आपोआप जातात. व्हीडीएल मोड 2 (व्हीएचएफ रेडिओवरची डिजिटल लिंक) म्हणजे त्याचाच फास्ट रस्ता, सेकंदाला 31.5 किलोबिट.

एअरबस 320 वर "नो कॉम" (लिंक नाही) दिसलं की लगेच एकार्सचा बॉक्स बदलायला धावू नको रे! व्हीएचएफ 3 (विमानातला तिसरा व्हीएचएफ रेडिओ) डेटावर आहे की कोणीतरी व्हॉइसवर, म्हणजे बोलण्यासाठी, ठेवलाय ते पहिलं बघ, मी सुरुवातीला यातच अख्खी दुपार घालवलेली. आणि पावसाला दोष देऊ नको, व्हीएचएफला आपल्या गोव्याच्या पावसानं फारसा फरक पडत नाही, आड आलेल्या बिल्डिंगीनं किंवा डोंगरानं मात्र पडतो. लिंक गेली तरी मेसेज सहसा रांगेत थांबतात, मग लिंक आली की जातात, त्यामुळे वेळ वाचताना मेसेजमधली वाच, पोचल्याची नको.