बॅटरीवरच्या फोर्कलिफ्टची किरकोळ कामं ऑपरेटरनेच केली तर चालतं का? आणि बॅटरीत पाणी चार्जिंगच्या आधी घालायचं की नंतर?

पाण्याचं आधी सांगतो, कारण त्यात घोळ फार होतो. पाणी चार्जिंग झाल्यावर. चार्ज होताना आतलं द्रावण फुगतं. आधीच काठोकाठ भरलंत तर ॲसिड उतू जाऊन ट्रे कुजतो. आतल्या शिशाच्या प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी घाला, तेही त्या जेमतेम बुडतील एवढंच. डिस्टिल्ड वॉटरच घ्या, ॲसिड टाकायच्या फंदात पडू नका. उडून जातं ते पाणी, ॲसिड नव्हे.

चार्ज भरत आला की हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचं प्रमाण 4 टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरे. तो छताखाली साठतो, म्हणून एक्झॉस्ट वरच्या अंगाला हवा. बॅटरीच्या कप्प्यावरचं झाकण उघडं ठेवायचं आणि प्लग ओढण्याआधी चार्जर बंद करायचा. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवायला सांगा. आमच्याकडे कड्यावरून दर वेळी वाद होतो, पण टर्मिनलला धातू टेकला की काय होतं ते एकदा पाहिलेला माणूस वाद घालत नाही.

आता ऑपरेटरचं. बघणं, पुसणं, पाणी भरणं हे त्याचं काम. पान्हा लागला की मेकॅनिक. शिफ्टच्या आधी ब्रेक, हॉर्न, टायर तर बघायचेच, पण फोर्कची टाच, म्हणजे तो जिथे काटकोनात वळतो ती जागा, वाकून बघायला लावा. तिथे जाडी 10 टक्के झिजली की फोर्क बदलायचा, कारण एवढ्यानेच त्याची ताकद साधारण 20 टक्क्यांनी उतरते. फोर्क उचलणारी चेन 3 टक्के लांबली की तीही गेली.

होजची, म्हणजे हायड्रॉलिक तेलाच्या नळीची, गळती हाताने चाचपायची नाही. दाबाखालचं तेल बारीक छिद्रातून थेट कातडीखाली शिरतं. वरून सुई टोचल्याएवढंच दिसतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि हयगय केली तर बोट कापायची पाळी येते. पुठ्ठा फिरवून बघा. कुणाला लागलंच तर लगेच इस्पितळात न्या आणि ‘हायड्रॉलिक तेल आत गेलंय’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, नाहीतर मलमपट्टी करून घरी पाठवतील.

उचललेल्या कॅरेजखाली, म्हणजे फोर्क बसवलेल्या वर-खाली होणाऱ्या चौकटीखाली, कुणीच जायचं नाही. ‘गाडी बंद आहे की’ हे कारण ऐकून घेऊ नका. बऱ्याच गाड्यांत बंद असतानाही लिव्हर हलला की कॅरेज स्वतःच्या वजनाने खाली येते. फोर्क जमिनीला टेकवूनच काम करा. वर ठेवणं भागच असेल तर मेकॅनिकने मास्टला (समोरच्या उभ्या खांबांना) भक्कम टेकू देऊन मगच हात घालावा.

पुढेमागे बॅटरी बदलाल तेव्हा गाडीच्या माहितीच्या पट्टीवर लिहिलेलं बॅटरीचं किमान वजन वाचा. लिथियमची बॅटरी या ॲसिडच्या बॅटरीपेक्षा हलकी असते, आणि या गाड्यांत मागच्या वजनाचा मोठा वाटा बॅटरीचाच असतो. ते भरून न काढता बसवलीत तर भरल्या पॅलेटला मागची चाकं उचलतील.