हॉर्न वाजवू नकोस

प्रिय मुली,

ग्रेट ओशन रोड या समुद्रकाठच्या रस्त्यावरच्या सहलीचा तुझा तक्ता पाहिला. सकाळी सहाला मेलबर्न सोडायचं, रात्री दहाला परत, मधे १४ ठिकाणं आणि प्रत्येकापुढे मिनिटं. ‘केनेट रिव्हर, कोआला : १० मिनिटं.’ कोआलाला कळवलंयस का? तो दिवसातले अठरा-वीस तास निलगिरीच्या बेचक्यात झोपतो. मान वर करून शोधण्यातच तुझी दहा मिनिटं जाणार. आणि वर विचारतेस, “काकू, एका दिवसात होईल ना?”

होईल. मी केलंय. म्हणून तर लिहायला बसले.

तुझी मैत्रीण दोन दिवस मागतेय, तुला मोटेलचे पैसे आणि सोमवारची असाइनमेंट दिसतेय. ती पुढच्या महिन्यात नोकरीसाठी पर्थला चाललीय, हे मात्र तू सगळ्यात शेवटी, ‘बाकी ठीक’च्या आधी लिहिलंस. पत्राची सुरुवात तिथून व्हायला हवी होती, बाई! सनस्क्रीन लाव, पाणी घे, हे मी सांगणार नाही. एकच सांगते : तिने ‘थांब’ म्हटलं की गाडी थांबव.

२००५चा फेब्रुवारी. मी आणि माझी नाशिकची मैत्रीण, भाड्याची छोटी पांढरी गाडी. चालवत मी होते. टॉर्कीहून पश्चिमेला निघालं की समुद्र डाव्या हाताला, आणि इथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. म्हणजे गाडी कायम पाण्याच्या बाजूला, थांबायचं तर समोरची वाहतूक ओलांडायचीही कटकट नाही. तरी मी थांबले नाही. ईस्टर्न व्ह्यूला रस्त्यावर ती लाकडी कमान लागते. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी १९१९ ते १९३२ अशी तेरा वर्षं कुदळ-फावड्यांनी हा रस्ता कड्यांतून खोदला, आपल्या मेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. २४३ किलोमीटर लांबीचं स्मारक! ती म्हणाली, उतरू या. मी म्हटलं, येताना. येताना आपण कोलॅकवरून, आतल्या रस्त्याने परतणार आणि ही कमान वाटेत येणारच नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

ट्वेल्व्ह अपोस्टल्सला तिला सूर्यास्तापर्यंत थांबायचं होतं. नाव बारांचं, पण समुद्रात उभे सुळके तेव्हा नऊच होते. मी म्हटलं, पुढच्या वेळी. त्याच वर्षी ३ जुलैला त्यातला एक, सुमारे ५० मीटर उंचीचा, कोसळला. आठ राहिले. माझ्याकडे नऊंचा फोटो आहे, तिरका आलेला, कारण दुसऱ्या हातात गाडीची किल्ली तयार होती.

पुढे लॉक आर्ड गॉर्ज. १ जून १८७८ला त्या नावाचं जहाज इथल्या खडकांवर फुटलं. ५४ जणांपैकी दोघंच वाचले : टॉम पियर्स हा उमेदवार खलाशी आणि ईव्हा कारमायकेल. टॉम किनाऱ्याला लागला होता, पण तिची हाक ऐकून परत पाण्यात शिरला आणि तिला ओढून आणलं. वर छोटंसं कब्रस्तान आहे. मैत्रीण तिथे एकेक नाव वाचत उभी होती. मी गाडीत बसून हॉर्न वाजवला. दोनदा. ती आली, पट्टा लावला आणि कोलॅक येईपर्यंत बोलली नाही. थालीपिठाची पुडी मांडीवर तशीच, न उघडलेली.

आता माझीही बाजू ऐक. गाडी सकाळी आठला परत द्यायची होती. पगार तासावर होता, आणखी एका दिवसाचं भाडं म्हणजे आठवड्याचा किराणा. शिवाय अंधार पडला की ऑटवेच्या जंगलात वॉलबी, कांगारू थेट गाडीपुढे उड्या मारतात. वेळेत निघाले, यात माझं काय चुकलं? बघ, वीस वर्षांनीही वाद घालतेच आहे, तोही तुझ्याशी. जिच्याशी घालायचा ती नाशिकला. दिवाळीला मेसेज येतो तिचा, पणतीचं चित्र.

म्हणून सांगते, तिने म्हटलं की थांबव. पोर्ट कॅम्पबेलला मुक्काम करा, अपोस्टल्सपासून बाराएक किलोमीटर. सूर्य बुडेपर्यंत तिथे बसा, आणि रात्री जंगलातून गाडी हाकायची नाही. लंडन आर्च, तो समुद्रातला कमानदार खडक, राहिली तर राहू दे. तसंही १९९०च्या जानेवारीत तिची किनाऱ्याकडची कमान कोसळली तेव्हा दोन पर्यटक टोकावर अडकले होते, हेलिकॉप्टरने आणावं लागलं. त्यांनी किती मिनिटं धरली होती कोण जाणे.

आणि असाइनमेंटचं रडगाणं मला सांगू नकोस. गुरुवारी रात्री जागून संपव.

माझा मोठा थर्मास ने. शुक्रवारी सातनंतर घरीच आहे. येताना तो तक्ता छापून आण, आणि तिलाही घेऊन ये. खोडायला पेन तिच्या हातात देऊ.

तुझी,
काकू