गेम सर्व्हर नव्याने लिहावा का?

प्रश्न : आम्ही दोघं मित्र क्वेक ३ या जुन्या गोळीबाराच्या गेमच्या सोर्सवर (मूळ कोडवर) बेतलेला ऑनलाइन गेम चालवतो. परवा होस्टिंगवाल्यांनी सर्व्हर बंद केला. म्हणे आमच्याकडून तिसऱ्याच कुणावर डेटाचा मारा होतोय. कोडचाही गुंता झालाय. खेळाडूच्या नाण्यांची शिल्लकसुद्धा क्लायंटच, म्हणजे त्याच्या मशीनवरचा प्रोग्रामच, कळवतो. मित्र म्हणतो, सगळं रस्ट या नव्या प्रोग्रामिंग भाषेत पुन्हा लिहू. काय करावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मित्राला आवरा. बिघाड एका फंक्शनात आहे.

तुमच्या खांद्यावर बंदूक ठेवून कुणीतरी दुसऱ्यावर गोळ्या झाडतंय. गेमची पॅकेट्स यूडीपी या पद्धतीने जातात, आणि तीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो. हल्लेखोर २७९६० पोर्टवर ‘गेटस्टेटस’ची इवलीशी विचारणा टाकतो आणि पत्ता भलत्याचाच लिहितो. तुमचा सर्व्हर इमानेइतबारे सगळी सेटिंग्ज आणि खेळाडूंची यादी त्या बिचाऱ्याला धाडतो. उत्तर प्रश्नाच्या कितीतरी पट मोठं, त्यामुळे हल्लेखोराचं फुकटात काम होतं. २००५ साली हा सोर्स जीपीएल या खुल्या परवान्याखाली खुला झाला, तेव्हा त्यात याला आळा नव्हता. पुढे याच सोर्सवरून निघालेल्या आयओक्वेक३ या प्रकल्पात ‘लीकी बकेट’ आली : एका पत्त्याला ठरावीक वेळात मोजकीच उत्तरं, शिवाय सगळ्या पत्त्यांची मिळून वेगळी मर्यादा. ही दुसरी मर्यादा गाळू नका, खोटे पत्ते हवे तितके बनवता येतात. तो भाग त्यांच्या एसव्ही_मेन.सी फाइलीतून उचला. तुमचा गेमही जीपीएलखालीच असायला हवा, तो आहे ना, हेही बघून घ्या.

आरकॉन, म्हणजे दुरून सर्व्हरला हुकूम देण्याची सोय, नेटवर्कवर बंद करा. त्याचा पासवर्ड उघडा जातो. एसएसएचने, म्हणजे सांकेतिक जोडणीने, मशीनमध्ये शिरून कन्सोल वापरा.

नाण्यांचं वाचून मात्र मी कपाळाला हात लावला. मूळ क्वेक ३मध्ये क्लायंट फक्त कुठली बटणं दाबली, नजर कुठे वळवली एवढंच सांगतो. खेळाडू कुठे पोचला हे सर्व्हर स्वतः काढतो. इतकी चांगली रचना आयती मिळाली असताना तुम्ही शिल्लक क्लायंटच्या हाती दिलीत! नाणं उचललं गेलं की नाही, ते सर्व्हरनेच ठरवायचं.

हे झालं की गुंत्याला हात घाला, पण दुरुस्ती आणि साफसफाई एकाच कमिटमध्ये (बदलांच्या एका नोंदीत) नको. उद्या काही मोडलं तर कशामुळे ते कळणार नाही. आधी खऱ्या सामन्यातली आलेली पॅकेट्स वेळेसकट नोंदवून ठेवा. सर्व्हरला घड्याळ आणि रँडमचं बीज (रँडम आकडे ज्यावरून निघतात ती संख्या) बाहेरून द्या. मग तीच नोंद जुन्या आणि नव्या कोडवर चालवून प्रत्येक फ्रेमची, म्हणजे सर्व्हर खेळ पुढे नेतो त्या एकेका टप्प्याची, अवस्था ताडून पाहा. मुळात सेकंदाला २० फ्रेम असतात, त्यामुळे फरक नेमका कुठल्या ५० मिलिसेकंदांत पडला ते सापडतं. बिल्ड ॲड्रेससॅनिटायझर या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाखालीच चालवा, आणि नोंदीतली पॅकेट्स मुद्दाम तोडूनमोडूनही पाजा. जुन्या सी भाषेतल्या स्प्रिंटएफच्या (जागा पुरते का ते न पाहता मजकूर लिहिणाऱ्या फंक्शनच्या) चुका तिथेच बाहेर पडतील.

रस्टचं नंतर बघू. होस्टिंगवाल्यांना आजच कळवा की मर्यादा घालतोय, म्हणजे सर्व्हर सुरू होईल.